मोडीत आलेल्या लोखंडी टोप्या

या, अशा पुढं या. दारात उभं राहून काय वाचताय? आमच्या दुकानात येणारी निम्मी माणसं अशीच पायरीवर थांबतात, मान वर करून बघतात आणि तिथनंच विचारतात, "अक्का, ही गंजकी पातेली कशाला टांगलीत? कुणी घेत न्हाय व्हय?" आत यावं, बूड टेकावं, वस्तू हातात घेऊन बघावी, मग बोलावं, एवढीसुद्धा रीत राहिली नाही बघा. तुम्हीही तसलेच. दिवाळीचा अंक हातात आला की चित्रं बघायची, आणि माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईचं पान आलं की उलटायचं. आज उलटू नका. बसा जरा जवळ. पातेली नव्हेत ती. लढाईत माणसांच्या डोक्यावर होत्या त्या लोखंडी टोप्या आहेत.

मुरुमच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान. सासऱ्यांनी थाटलं, आमचे मालक चालवतात, आणि मी नावं घालते. नावं घालणं म्हणजे काय, ते आता पोरींना सांगावं लागतं. लग्नात मामानं कळशी दिली की तिच्या काठाखाली मामाचं आणि भाचीचं नाव घालायचं. शिवाय गावात पंगत असली की घराघरातनं भांडी गोळा व्हायची. परत जाताना ह्याचं त्याच्याकडं जाऊ नये म्हणून प्रत्येक भांड्यावर घरधन्याचं नाव असायचं. सासरे हे काम छिन्नी-हातोडीनं करायचे. त्यांच्या शेजारी बसून, फुटक्या झाकणांवर हात बसवत मी शिकले. ते म्हणायचे, "सूनबाई, पाटीवरची चूक पुसता येते. पितळेवरची चूक नातवंडं वाचतात." आता मशीन आलंय. टर्र केलं की नाव उमटतं. पण जाड पत्रा असला की मी अजून छिन्नीच धरते.

दुसरं काम मोडीचं. जुनं, फुटकं, गळकं भांडं द्यायचं आणि बदल्यात नवं न्यायचं. त्या जुन्याला आमच्यात मोड म्हणतात. टोप्या आल्या त्या ह्या मोडीतनंच.

पहिली टोपी आली ती बाजाराच्या दिवशी. एका बाईनं पोत्यातली मोड फरशीवर ओतली. त्यात पिचका तांब्या, बिनबुडाचा बंब, आणि एक परातीसारखी पसरट, जड, हिरवट-काळी वस्तू. बाजूला मुठीएवढा पोचा. आमचे मालक ती तराजूत टाकणार, तोवर मी उलटी करून बघितली. सवयच ती. भांडं हातात आलं की आधी काठाखाली नाव बघायचं. आतल्या कुजक्या चामड्यावर शाईची अक्षरं होती, अर्धी विटलेली. झिजलेली नावं वाचण्यातच माझी जिंदगी गेली. उजेडाकडं तिरकी धरली, बोट फिरवलं, आणि आडनाव लागलं.

"ही कुणाची गं?" मी विचारलं.

"आमच्या चुलतसासऱ्याची म्हणं. इंग्रजाच्या पलटणीत होता, लई लांब लढाईवर गेल्ता. आमी कोंबड्यास्नी पाणी ठिवायचो."

"मग मोडीत घालती व्हय?"

"काय करू अक्का? चुलतसासरा गेला, त्याची बायकू गेली. आता कोंबड्या सुदिक राहिल्या न्हायत."

तिला मी नवी कळशी दिली आणि टोपी खुंटीला टांगली. मालक म्हणाले, "भांड्याचं दुकान हाय का पलटणीचं?" मी म्हणलं, "असू द्या, जागा अडत न्हाय." आता जागा अडती. मालक आता गिऱ्हाइकांना सांगतात, "आमच्या घरात फौज उतरली हाय, मला बसायला जागा न्हाय."

एक टांगली की दुसरी आपसूक येते. आमचा भाग निजामाचा. इथली माणसं निजामाच्या फौजेत गेली, इंग्रजाच्या गेली, पुढं आपल्या देशाच्या पलटणीत गेली. जी परत आली त्यांच्यातल्या काहींबरोबर टोप्या आल्या. टोपी खरं तर सरकारी माल, परत करायची असते. पण फाटली, चेपली, कामातनं गेली, तर एखादा साहेब म्हणायचा, घेऊन जा घरी. म्हणून आमच्या भागात आलेल्या टोप्या बहुतेक मार खाल्लेल्याच. घरी आल्यावर त्यांचं काय व्हायचं? कुणी चुना कालवला, कुणी जोंधळे मापले, एका घरी तर तिच्यात तुळस लावलेली मी बघितली. हसू नका. जी वस्तू घरात उपयोगी पडली ती टिकली. कपाटात ठेवली असती तर कुणीतरी कधीच फेकून दिली असती.

टोपीचा मालक शोधायचा कसा, हे पुष्कळजण विचारतात. आधी घासायची नाही. भांडं आलं की चिंच आणि राख, हे आमच्या हातात भिनलेलं, पण टोपीला चिंच लावली की संपलं. खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, फडक्यानं टिपायचं, पुन्हा बोट फिरवायचं. गंजाखालनं रंगातला नंबर हळूहळू डोकं वर काढतो. नंबराच्या सुरवातीच्या आकड्यांवरनं जाणत्याला पलटण कळते. ते जाणते म्हणजे उमरग्याकडचे एक पेन्शनर सुभेदार. त्यांना मी नंबर सांगते, ते पलटण सांगतात. तिथनं पुढं माझं काम. कोणत्या गावातनं कोण त्या पलटणीत गेला, त्याची बहीण कुठं दिली, सून कुठली, हे बायांना विचारायचं. बाया माणसाला नात्यानं ओळखतात, आणि नातं नंबरापेक्षा पक्कं असतं.

चिंचेवरनं आठवलं. एका घरी आजोबाची टोपी आहे असं कळलं म्हणून मी मुद्दाम गेले. त्यांनी देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली. बघते तर आरशासारखी लखलखीत! सून अभिमानानं म्हणाली, "दर दसऱ्याला चिंचेनं घासतो, हत्यारासंगं पुजतो." नंबर गेलेला, रंग गेलेला, कुठल्या लढाईतली ते कळायची वाटच धुऊन टाकलेली. काय बोलणार? इतक्या मायेनं आपल्या माणसाची खूण पुसणारी दुनियेत आमचीच माणसं. मी हात जोडले, पेढा खाल्ला, घरी आले.

एकदा मोठ्या गाडीतनं एक साहेब आले. तुळजापूरला देवीला आले होते, कुणीतरी त्यांना आमचं दुकान सांगितलेलं. टोप्या बघितल्या, खूश झाले आणि म्हणाले, "मावशी, मला गोळी आरपार गेलेली पाहिजे. आहे का?" मी म्हणलं, "साहेब, गोळी आरपार गेली तर खालचा माणूस कुठं गेला, ते विचारलं का?" साहेबांनी हातातली टोपी परत खुंटीला लावली. चहा पिऊन गेले. वाईट नव्हते, पण वस्तू बघताना खालचं डोकं बघायची त्यांना सवय नव्हती.

सगळ्या टोप्या घरी पोचतात असंही नाही. एक मी पार शेवटपर्यंत हुडकत नेली. मुलानं दार उघडलं, टोपी बघितली आणि दार अर्धं ओढून घेतलं. हळूच म्हणाला, "आई आत हाय. तिला दिसाय नगं. तुमीच ठिवा अक्का." ती टोपी अजून माझ्याकडं आहे. तिच्यावर धूळ बसू देत नाही, एवढंच माझ्या हातात.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

मुरुमपासून जवळच एक गाव आहे. त्या गावानं ठरवलं, शाळेपुढं एक खांब उभा करायचा आणि गावातनं जे लढाईवर गेले त्यांच्या नावांची पितळी पाटी त्याला लावायची. पाटीचं काम माझ्याकडं आलं. पुढाकार भानुदास हवालदारांचा. हवालदार पलटणीतनं पेन्शनीत आलेले, आवाज अजून कवायतीचा, पण माणूस सरळ. मी खांबाची मापं घ्यायला गेले, तर शाळेच्या ओट्यावर एक वाळकी म्हातारी बसलेली. मला बघून म्हणाली,

"टोप्या गोळा करणारी तूच का गं?"

"व्हय मावशी."

"मग माझ्या मालकाची हुडक. मगच पाटी ठोक."

हवालदार म्हणाले, "भागीरथीमावशी, कामाच्या टायमाला नगं."

"तू गप रं भान्या. तुझ्या बारशाला मी पोळ्या लाटल्यात."

हवालदारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ह्या मावशीचे मालक सिद्रामअण्णा पलटणीत लांगरी होते. लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. एकाहत्तरच्या लढाईत ते पुढं खंदकापर्यंत जेवण पोचवायला जायचे, तिथंच तोफगोळ्याची कपची लागली, टोपी फाटली म्हणून जीव वाचला, असं ते सांगायचे. एका कानानं ऐकू यायचं नाही, कानाच्या वर केस उगवत नव्हते. फाटकी टोपी घेऊन ते घरी आले होते, पण पुढं ती हरवली. मग गाव चेष्टा करायला लागलं. लांगरी कधी लढतो व्हय? बैलगाडीवरनं पडला असंल, डाळीच्या हंड्यात डोकं आपटलं असंल. कुणी पारावर बसलेलं असलं की हटकून म्हणायचं, "सिद्रामअण्णा, टोपी दाखवा की!" हळूहळू अण्णा बोलायचेच बंद झाले. तसेच गेले.

"त्यांचे कागद?" मी विचारलं.

"वाळवीनं खाल्ले. मी वर पलटणीला लिवलंय, पण उत्तर यायला वक्त लागतो. आन् पुरावा न्हाय तर मी नाव घालू कसं अक्का? उद्या कुणीबी उठून म्हणंल, माझा बा बी लढला. मग पाटीला काय अर्थ राहिला?"

त्यांचं म्हणणंही चूक नव्हतं. पाटी सव्वीस जानेवारीला लावायची ठरलेली. मी पाटीवर खाली एका ओळीची जागा सोडली आणि मावशीच्या घरी गेले.

घर दोन खणाचं, शेणानं सारवलेलं. मावशीनं चहा केला. मी विचारलं, "टोपी कशी होती?"

"उजव्या कानाच्या वर फाटलेली. खुंटीला असायची. कुणाला हात लावू द्यायचा न्हाय. पोरास्नी बी न्हाय, मला बी न्हाय."

"मावशी, नाव लागावं असं वाटतं व्हय?"

मावशी माझ्याकडं असं बघायला लागल्या की मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. म्हणाल्या, "नावाचं काय करायचं मला? मला वाचता येत न्हाय. माझा माणूस खोटारडा म्हणून मेला, पोरी. मी जायच्या आत त्यो खरा झाला पायजे."

माझ्या खुंट्यांवर एक टोपी तशीच होती, उजवीकडं फाटलेली, मालक न लागलेली. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी ती घेऊन गेले. हवालदारही आले. त्यांनी टोपी फिरवून बघितली आणि म्हणाले, "ही लढाईतलीच. मावशी, हीच की. झालं काम. घाला अक्का नाव."

मावशीनं टोपी मांडीवर घेतली. उठल्या, पेटीतनं अण्णांचा जुना पटका काढला, गुंडाळी तशीच असलेला. तो टोपीत बसवायला गेल्या तर बसेना.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "त्याचं डोकं थोरलं होतं. बाजारातला एक पटका पुरायचा न्हाय त्याला. ही दुसऱ्याची हाय."

हवालदार अजिजीनं म्हणाले, "मावशी, कोण विचारतंय? मी हाय म्हणलो तर गाव हाय म्हणंल."

"दुसऱ्याच्या जखमंवर माझ्या माणसाचं नाव घालू व्हय? ही ज्याची हाय, त्याची बायकू बी कुठंतरी बसली असंल वाट बघत. ने ही माघारी."

मी इतकी वर्षं टोप्या गोळा केल्या, पण टोपीला इतकं सरळ वागवलेलं माणूस पहिल्यांदा बघितलं. नाव एका शब्दावर आलेलं, आणि ह्या बाईनं ते हातानं परत लोटलं.

मग मी विचारलं, टोपी हरवली कशी? मावशी म्हणाल्या, अण्णांच्या पुतणीच्या लग्नात. अण्णा शेतात होते. पोरं भांडी गोळा करायला आली, घमेली नेली, टोपल्या नेल्या, आणि चुलीतले निखारे ओढायला काहीतरी पाहिजे म्हणून खुंटीवरची टोपीही नेली. लग्न झालं, भांडी परत आली, टोपी आली नाही. अण्णांनी तीन-चार घरं पालथी घातली, मग गप बसले.

"पुतणी दिली कुठं?"

"येडशीकडं."

इथं माझा धंदा कामी आला. लग्नातलं हरवलेलं भांडं हुडकायचं असलं की ते कुणी बघितलं का, असं विचारायचं नाही. सगळे न्हाय म्हणतात. विचारायचं, त्या लग्नात तुमचं काय गेलं? ज्याचं गेलं त्याच्याकडं दुसऱ्याचं काहीतरी आलेलं असतं. बाई एकवेळ नवऱ्याचं वय विसरंल, पण हरवलेली परात विसरायची नाही.

मी आणि मालक येडशीला गेलो. ती पुतणी आता नातवंडांची आजी झालेली. मी विचारलं, "बाई, तुमच्या लग्नात वऱ्हाडातल्या कुणाचं भांडं हरवलं होतं का?"

ती कपाळावर हात मारून हसली. "अगं माय! अजून ऐकती मी ते! आमच्या बिराप्पाच्या बायकोची परात. केस पांढरे झाले माझे, पण मी दिसली की म्हणती, तुझं लग्न मला परातीला पडलं."

बिराप्पा मेंढरं राखणारा, रामलिंगाच्या रानाच्या कडेला त्याचा वाडगा, म्हणजे मेंढरं कोंडायची जागा. आम्ही गेलो तेव्हा तो कोकरांना मीठ चाटवत होता. मीठ कशात होतं? टोपीत. उजव्या बाजूला फाटलेली, तिथं खापराचा तुकडा आतनं दाबून बसवलेला, मीठ सांडू नये म्हणून. मी ती हिसकूनच घेणार होते. पण मावशीनं एक परत पाठवली होती, म्हणून मी तोंड दाबून धरलं.

"ही कुठली, बिराप्पा?"

"लग्नातली. माझी परात गेली, ही दिली. भांड्याला भांडं. पर लई टिकली अक्का. मेंढरू पाय देतंय, कुत्रं वढतंय, काय हुईत न्हाय."

"ही मला दे."

"आन् मीठ कशात घालू? तुझ्या वट्यात?"

आमचे मालक म्हणाले, "तुला परात देतो की नवी." बिराप्पानं बायकोला हाक मारली. ती आली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "नवी परात घीन. पर माझं नाव घालून पायजे. न्हाय तर परत कुणीतरी लगीन काढंल." त्या परातीवर मी जितक्या झोकदार अक्षरात नाव घातलं तितकं कुठल्या नवरीच्या कळशीवरही घातलं नसेल.

घरी येऊन तेल लावायला बसले. आतलं चामडं मिठानं आणि मेंढरांच्या जिभांनी पार गेलेलं. नंबर होता, पण एवढा खाल्लेला की सुभेदारांनाही लागला नाही. मी फडकं फिरवत होते, तेवढ्यात चामड्याच्या जागी, पार आत, बोटाला खरखर लागली. पाच ठिपके गोल, आणि खाली एक देठासारखी रेघ. छिन्नीनं घातलेली.

मालकांनी बघितलं आणि म्हणाले, "ही तर भांड्याची खूण."

आता ही खूण काय ते सांगते. पूर्वी ज्या घरात वाचता येत नव्हतं त्यांना नाव घालून उपयोग काय? पंगतीनंतर ढिगातनं आपलं भांडं निवडायचं तर बाईला अक्षर कळत नाही. म्हणून त्या घरांच्या खुणा असायच्या. कुणाचा विंचू, कुणाचा नांगर, कुणाच्या तीन रेघा. सासू सुनेला पहिल्या दिवशी घराची खूण दाखवायची. आता ते संपलं. मीही मागं पडलेल्या मोडीतच बघते.

दुसऱ्या दिवशी टोपी पिशवीत घालून मावशीकडं गेले. हवालदारांनाही बोलावलं. खुणेबद्दल मी कुणालाच काही बोलले नाही. मावशीनं पटका आणला. ह्या वेळी बसला, सैल नाही, घट्ट नाही. तरी मावशी म्हणाल्या, "थोरल्या डोक्याचं आणिक कोणी असंल." डोळ्यानं कमी दिसतं म्हणून दारातल्या उजेडाकडं टोपी उलटी धरली. आणि मग तशाच राहिल्या.

"काय झालं मावशी?" हवालदार म्हणाले.

मावशी उठल्या. चुलीजवळचा पाण्याचा तांब्या उचलला, होतं ते पाणी दारात ओतलं आणि तांब्याचं बूड माझ्यापुढं धरलं. पाच ठिपके गोल, खाली देठ.

"मुडद्यानं," मावशी ओरडल्या, "सरकारी टोपीवर आमची खूण घातली! चामड्याखाली, साहेबाला दिसू नये म्हणून! आन् म्हणून मला हात लावू देत नव्हता व्हय? अरं, मला सांगायचंस की!" आणि मग हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडावर घेतला. मी दुसरीकडं बघितलं.

माझ्या मनात आलं, सरकारनं दिलेला नंबर त्या माणसाला वाचता येत नव्हता. पलटणीत टोप्यांचा ढीग. त्यातनं आपली निवडायची कशी? आईनं बायकोला शिकवलेली तीच रीत त्यानं तिथं लावली. परमुलखात, तोफा वाजत असताना, घरच्या तांब्यासारखी आपली टोपी ओळखली.

हवालदारांनी टोपी घेतली. फाटलेल्या जागेवरनं अंगठा फिरवला. पत्र्याची कड बाहेरनं आत वळलेली, कपची घुसली की वळते तशी. तीन-चारदा फिरवला. मग खाली मावशीजवळ बसले.

"मावशी, पारावर 'टोपी दाखवा' म्हणणाऱ्यात मी बी होतो. तवा पोरगा होतो."

"ठावं हाय," मावशी म्हणाल्या. "तुझाच आवाज मोठा होता."

हवालदारांनी नाक ओढलं, उठले आणि कवायतीच्या आवाजात मला म्हणाले, "अक्का, घाला नाव. 'शिपाई सिद्राम' असं घाला. लांगरी कशाला? बाकीचे सगळे शिपाई, नाईक, हवालदार. शोभून दिसंल."

माणूस मान द्यायला बघत होता, कळत होतं मला. पण मावशी ताठ झाल्या.

"का? लांगरी म्हणाया लाज वाटती?"

"तसं न्हाय मावशी…"

"मग लांगरीच घाला. तुमच्या हातात बंदुका होत्या. त्याच्या दोन्ही हातात भाकरीची टोपली होती, आन् तसाच गोळ्यात गेला. उपाशी कोण लढतं रं, भान्या? तू लढला असतास?"

हवालदारांनी टोपी परत मावशीच्या मांडीवर ठेवली.

पाटी माझ्या दुकानात होती. मावशी म्हणाल्या, मी बघणार. त्यांना रिक्षात घालून आणलं, माझ्या शेजारी बसवलं. मशीन लावलंच नाही. सासऱ्यांची छिन्नी काढली. खालची ओळ सोडलेलीच होती. एकेक ठोका घालत गेले, मावशी एकेक अक्षराला विचारत गेल्या, "हे काय झालं?" "हा 'लां' झाला." "आन् हे?" "'गरी' झालं. आता नाव." पितळेचा कीस त्यांच्या लुगड्यावर उडत होता, झटकला नाही. ओळ झाल्यावर मी विचारलं, "मावशी, शेवटी तुमची खूण घालू?" हवालदार म्हणाले असते, नियमात बसत नाही. ते नव्हते तिथं. मावशींनी मान हलवली. मी पाच ठिपके घातले आणि देठ घातला.

सव्वीस जानेवारीला खांबाजवळ गाव जमलं. हवालदारांनी सगळी नावं मोठ्यानं वाचली. शेवटी "लांगरी सिद्राम" म्हणताना त्यांनी आवाज जरा जास्तच चढवला. टाळ्या झाल्या. मावशी पाटीजवळ गेल्या, वरच्या सगळ्या ओळी सोडून खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "हे माझं घर." त्या पाटीवर त्यांना तेवढंच वाचता येत होतं.

आता तुम्हाला सांगते. मावशींचं वय झालंय, पण त्यांच्या चुलीला खळ नाही. मी सांगितलं त्यांना, तुमच्याबद्दल लिहितेय, वाचून माणसं येतील बघायला. तर म्हणाल्या, "येऊ देत की. पर कोरडं बघून जायचं न्हाय म्हणावं. लांगऱ्याचं घर हाय, इथं जेवल्याबिगर कुणी उठत न्हाय." तेव्हा या. मुरुमला आमच्या दुकानात या, तिथनं मी घेऊन जाते. थंडी सरायच्या आत या, तेव्हा मावशी हुलग्याच्या पिठाचं कढत, प्यायचं माडगं करतात. निरोप पाठवायच्या भानगडीत पडू नका. फक्त येताना उपाशी या.